काउंटरच्या पलीकडचे पाच दिवस

आमच्या नवघर गावातले लोक हल्ली कुठे कुठे जाऊन येतात. माझा मावसभाऊ दुबई करून आला. त्याच्या व्याह्यांनी तर स्वित्झर्लंडचा बर्फ बघितला आणि परत आल्यावर वर्षभर कुणीही भेटलं की ते आधी बर्फाचं सांगायचे, मग समोरच्याच्या तब्येतीचं विचारायचे. मी मात्र एकतीस वर्षं मीरा रोडच्या शांती नगरात किराणा दुकानाच्या काउंटरमागे उभा आहे. माझा जगप्रवास म्हणजे तेलाच्या डब्यांपासून साबणाच्या फळीपर्यंत, साडेतीन पावलं. ही सगळी पावलं एकापुढे एक ठेवली असती तर एव्हाना मी चंद्रावर जाऊन, तिथे कटिंग पिऊन, परतीच्या वाटेला लागलो असतो. प्रत्यक्षात वळून बघावं तर समोर तीच साबणाची फळी.

तेव्हा हा माणूस प्रवासवर्णन लिहितोय म्हणून हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. शांती नगर ते उत्तनकडचं तारोडी गाव, एवढाच हा प्रवास. बस बदलत गेलं तरी माणूस दोन तासांत पोचतो. आम्हाला जाऊन यायला पाच दिवस लागले, कारण बरोबर डोरोताबाई होत्या.

डोरोताबाई पोलंडच्या. उंची अशी की दुकानात शिरल्या आणि छताच्या पंख्यानं आपणहून वेग कमी केला. वय पन्नाशीचं, केस पांढरेशुभ्र, पायात डोंगर चढायचे बूट. त्यांच्या कंपनीची तिकडे गावोगाव किराणा मालाची दुकानं आहेत. आता कंपनीला भारतात यायचं होतं आणि पहिलं दुकान कुठे काढावं हे बघायला बाईंना पाठवलं होतं. माझा जावई अंधेरीत त्या कंपनीच्या इथल्या भागीदाराकडे नोकरीला आहे. त्यानं माझं नाव सुचवलं. सासरे इथलेच आहेत, धंद्यातले आहेत आणि बोलण्यात कमी पडत नाहीत, असं तो म्हणाला. यातलं शेवटचं कौतुक होतं का, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.

आता मनातलं सांगतो. मला दुकान देऊन टाकायचं होतं. माझा गाळा आणि शेजारचे बंद पडलेले दोन गाळे जोडले की कंपनीला हवी तेवढी जागा होत होती. शेजारी तयार होते, मी तर एका पायावर तयार होतो. मुलगी अंधेरीत, तिला दुकानात रस नाही. डोरोताबाईंनी माझ्या जागेपुढे ‘हो’ लिहिलं की मी मोकळा. अठ्ठावन्नाव्या वर्षी तरी माणसानं असा एखादा डोंगर बघावा, जिथे कुणी अर्धा किलो तूरडाळ मागायला येत नाही.

“पाच दिवस बाईंना फिरवतो,” मी कुंदाला, म्हणजे बायकोला म्हटलं. “जमलं तर जन्माची सुटका.”

“फिरवा. दुकान मी बघते,” ती म्हणाली. “फक्त थापा जरा बेतानं मारा.”

“मी कुठे थापा मारतो?”

ती तोवर वजनकाट्याकडे वळली होती. गिऱ्हाईक आलं होतं.

पहिला दिवस: समोरच्या फुटपाथवरून

डोरोताबाईंचं इंग्रजी सावकाश आणि माझं इंग्रजी तोकडं, त्यामुळे आमचं छान जमलं. इथे सगळं मराठीत लिहितोय. मूळ संभाषणात हातवारे बरेच होते.

पहिल्या दिवशी बाईंनी मला माझ्याच दुकानासमोरच्या फुटपाथवर उभं केलं. म्हणाल्या, “आपण फक्त बघायचं.” एकतीस वर्षांत मी माझं दुकान समोरून कधी नीट बघितलंच नव्हतं. केवढंसं ते! आत एखाद्या मुंगीनं कूस बदलली तर बाहेर लटकवलेली वेफर्सची माळ हलावी. आणि त्या बिळात कुंदा उभी होती, दोन्ही हातांनी माल काढत, हनुवटीखाली फोन धरून.

तिसऱ्या मजल्यावरून मेहता भाभींची दोरी लावलेली पिशवी खाली आली.

“कुंदाबेन, रोजवाला तेल! और वो बारीकवाला रवा, उस दिन जैसा!”

“उस दिनवाला खतम हो गया, भाभी! दूसरा देती हूँ, अच्छा है!”

“तुम बोलती है तो दे दो!”

पिशवी भरून वर गेली. बाईंनी लिहून घेतलं आणि मला विचारलं, “रोजचं तेल म्हणजे कुठलं? नाव तर त्या बोलल्याच नाहीत.”

“इथे नाव घ्यायची पद्धत नाही,” मी म्हटलं. “माझी सात हजार गिऱ्हाइकं आहेत. सात हजारांची तेलं मला तोंडपाठ.”

बाईंनी वर बघितलं, चार मजली बिल्डिंग बघितली, मग माझ्याकडे बघितलं. सात हजार काही त्यांनी लिहून घेतले नाहीत, हे मी पाहिलं.

मग त्यांनी विचारलं, “पीठ कुठे आहे? आमच्याकडे पिठाचीच एक अख्खी भिंत असते. कंपनीचं स्वतःचं पीठ आहे, तेच इकडे आणायचंय.” मी त्यांना पलीकडच्या गल्लीतल्या चक्कीवर नेलं. चक्कीवाला नखशिखांत पांढरा. बाईंना वाटलं, आपल्याच देशाचा माणूस. तिथे डब्यांची रांग होती आणि प्रत्येक डबा गव्हाचा असूनही वेगळा होता. एकीला जाडसर, एकीला मैद्यासारखं बारीक, एकीला त्यात मूठभर सोयाबीन. एक बाई नुसती उभी होती.

“या कशाला थांबल्यात?”

“आपल्या आधी ज्वारी दळली जाऊ नये म्हणून राखण करतायत,” मी म्हटलं. यात थाप अजिबात नव्हती. बाईंनी पिठाच्या भिंतीवर काट मारली. पहिल्याच दिवशी त्यांची एक भिंत पडली आणि मला उगाच चुटपुट लागली. भिंती जेवढ्या पडतील तेवढी माझी सुटका लांबणार होती.

दुसरा दिवस: शेखचाचांची पिशवी

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, “मला एका गिऱ्हाइकाच्या मागे फिरायचंय.” मी शेखचाचांना पकडलं. हे आमच्याच सेक्टरमधले निवृत्त मास्तर. गणित शिकवायचे, त्यामुळे अजूनही हिशेबानं चालतात. हातात कापडी पिशवी, पायात चामडी चपला.

“मॅडम पीछे चलेंगी? चलें! लेकिन मैं धीरे चलता हूँ.”

धीरे म्हणजे किती? आम्ही निघालो तेव्हा केळेवाल्याची केळी हिरवी होती, परतलो तोपर्यंत पिकली होती. आधी दूध. मग पाववाल्याकडे पाव, तिथे पाववाल्याच्या मुलीच्या निकालाची चौकशी. मग भाजीची गाडी, तिथे दुधी नखानं टोचून, नापसंत करून, पुन्हा तोच घेणं. मग केळी. मग मटणाचं दुकान, तिथे खाटकाशी क्रिकेटवरून भांडण. मग चक्की. सर्वात शेवटी आमचं दुकान, तिथे कुंदाकडून चहा-साखर. सात ठिकाणं.

डोरोताबाईंनी घड्याळ बघितलं. “आमच्या दुकानात हे सगळं एका छताखाली मिळेल. बारा मिनिटांत.”

मी हिंदीत सांगितल्यावर शेखचाचांनी विचार केला. मग इंग्रजीतच, मास्तरांच्या इंग्रजीत, विचारलं, “आणि उरलेला सगळा वेळ तुमचं गिऱ्हाईक काय करतं?”

बाईंनी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. शेवटी म्हणाल्या, “माहीत नाही. आम्ही कधी मोजलं नाही.”

मला काळजी वाटायला लागली. मी चाचांना म्हटलं, “चाचा, पण सोय तर होईल ना? मटण, डाळ, सगळं एका जागी.”

चाचा थांबले. “सुनो पाटील. ईद को मैं मेहता भाभी के घर सूखा मेवा भेजता हूँ, नया डब्बा, सीलबंद. दिवाली पे उनके घर से मेरे यहाँ मिठाई आती है. पच्चीस साल हो गए. अब तुम मेरा मटन और उनकी तूरडाल एक ही ट्रॉली में घुमाओ. न वो आएँगी, न मैं आऊँगा. दुकानें अलग हैं, इसलिए हम दोनों एक बिल्डिंग में हैं.”

हे मी बाईंना भाषांतर करून सांगावं का, यावर अर्धं मिनिट माझी स्वतःशी मारामारी झाली. शेवटी सांगितलं, पण थोडं पातळ करून. ‘एका छताखाली’ हे त्या कंपनीचं ब्रीद, त्यांच्या पिशव्यांवर छापलेलं. आमच्याकडे माणसं एका छताखाली राहतात ती याच भरवशावर, की सगळं एका छताखाली येणार नाही. मी इतकी वर्षं अंडी कपाटाच्या आत, झाकून ठेवत आलो. कुणी सांगितलं नव्हतं. का ठेवतो, याचा विचार त्या दिवशी परत येताना पहिल्यांदा केला.

तिसरा दिवस: साठ बायका

तिसऱ्या दिवशी चाचणी होती. बाईंना बघायचं होतं, की गिऱ्हाईक स्वतःच्या हातानं माल उचलतं का. त्यासाठी काउंटर काढायचा, माल उघड्या फळ्यांवर मांडायचा आणि दाराशी फक्त गल्ला ठेवायचा. या चाचणीवरच माझ्या जागेचं ठरणार होतं.

काउंटर हलवायला चौघे लागले. त्याखाली एवढी शेंगदाण्यांची टरफलं निघाली की त्यातून एक जहाज तरलं असतं. सकाळी नेहमीची गिऱ्हाइकं आली आणि काउंटर जिथे नव्हता तिथेच येऊन उभी राहिली. एक काकू तर त्या नसलेल्या काउंटरवर पिशवी ठेवायला गेल्या. पिशवी थेट पायावर पडली. फळीवरचं बिस्किट हाताच्या अंतरावर, तरी म्हणायच्या, “भाऊ, तेवढं बिस्किट द्या.” उचला ना काकू! “छे, असं कसं? दुसऱ्याच्या दुकानात हात कसा घालायचा?”

हे असं होणार हे मी ओळखून होतो. म्हणून आदल्या संध्याकाळी मी एक तजवीज करून ठेवली होती. नवघरला आत्याला फोन केला होता. आमची आत्या म्हणजे गावात शब्द. ती शिंकली तरी वीस घरं ‘जीव गो’ म्हणतात.

“आत्या, उद्या दुकानात कार्यक्रम हाय. बायकांना घेऊन ये. नटूनथटून या.”

खरेदी करा, असं मी बोललो नाही. आपल्या आत्याला ते कुठल्या तोंडानं सांगणार? दुकानात आल्यावर माणूस घेतोच, असा माझा हिशेब.

अकराच्या सुमाराला दोन टेम्पो आले. साठ बायका उतरल्या. हा आकडा डोरोताबाईंनी हातातल्या यंत्रावर मोजलेला आहे, म्हणून खरा. मी मोजल्या असत्या तर दोनशे झाल्या असत्या. नऊवारी पातळं, गळाभर सोनं, डोक्यात अबोलीचे गजरे. शांती नगरातल्या बाल्कन्या भरल्या. पुढे आत्या. तिनं उघड्या फळ्यांवर मांडलेली तेलं, साबण, चहाचे पुडे बघितले, काउंटर नाही हे बघितलं, आणि तिचा चेहरा उजळला.

“आरं बाला, यवढा वाण मांडलास! कुंदे, तुजा नवरा सुदारला गो!”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. संक्रांत होऊन आठवडा झाला होता. घरोघरी हळदीकुंकू चालू. नटून या म्हटलं, बायकांनाच बोलावलं, माल उघडा मांडलेला, वाटेत कुणी उभं नाही. दुसरा काय अर्थ निघणार?

कुंदानं एकदाच माझ्याकडे बघितलं. मग ओढणी खांद्यावरून घेतली, देवाच्या फोटोखालचा करंडा उचलला आणि दाराशी उभी राहून येणाऱ्या प्रत्येकीला हळदकुंकू लावायला लागली. घरी आलेल्या बायकांना रिकाम्या कपाळानं पाठवायचं नाही, मग नवऱ्यानं काहीही करून ठेवलेलं असो.

आणि मग बायकांनी वाण लुटलं. प्रत्येकीनं एकेक वस्तू, अगदी पद्धतशीर. कुणी साबण, कुणी खोबरेल, कुणी चहा. माझ्या सख्ख्या वहिनीनं पाच लिटर तेलाचा डबा उचलला. तिचं मन माहेरपासूनच मोठं. जाताना सगळ्या गल्ल्यासमोरून हसत हसत, ‘येतो हां’ करत बाहेर.

दाराबाहेर डोरोताबाई पांढऱ्या पडल्या होत्या. त्यांच्या तीस वर्षांच्या नोकरीत साठ गिऱ्हाइकं ओळीनं, पैसे न देता, दुकानदाराचा निरोप घेऊन बाहेर पडल्याचं त्यांनी बघितलं नसणार. आत्यानं त्यांच्याही कपाळावर कुंकू टेकवलं, त्यासाठी त्यांना वाकायला लावलं, आणि हातावर तिळगूळ ठेवला. “घे बाय. लय लंबी हाय गो ही!”

बाईंनी तिळगूळ तोंडात टाकला आणि वहीत एक शब्द लिहिला. माझं इंग्रजी तोकडं असलं तरी दुकानदाराला तो शब्द कुठल्याही भाषेत कळतो. चोरी. खाली दोन रेघा.

“इथे हे नेहमी होतं?” त्यांनी विचारलं.

आता बघा. त्या माझ्या आत्या, माम्या, वहिन्या आहेत आणि मीच त्यांना भाड्यानं आणल्यासारखं आणलं, हे सांगितलं असतं तर मी खोटारडा ठरलो असतो आणि दुकान गळ्यात राहिलं असतं. मी म्हटलं, “सुरुवातीला थोडं होतं.” आणि इकडेतिकडे बघितलं.

संध्याकाळी काउंटर परत जागेवर ठेवला. कुंदानं रिकाम्या फळ्या पुसल्या आणि नवा माल लावला. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

चौथा दिवस: तारोडी

चौथा दिवस समुद्राचा. बाईंना सुकी मासळी कुठून येते ते बघायचं होतं. भाईंदर पश्चिमेकडून बस निघाली, बिल्डिंगी संपल्या, दोन्ही बाजूंना मिठागरं लागली. माझे वडील मिठागरावर कामाला होते. ते सांगायचे, की रात्री गावच्या दुकानातला सगळा माल आत बंद व्हायचा, पण मिठाची गोणी बाहेरच असायची. मीठ कुणी चोरत नाही. मी हे बाईंना सांगायला तोंड उघडलं आणि ‘चोरी’ या शब्दापाशी येऊन मिटलं. मिठागरांवरून तारोडीपर्यंत मी गप्प होतो. माझ्या आयुष्यातलं हे सर्वात लांब मौन, असं कुंदा म्हणते.

तारोडीला आम्ही रोझीमावशीकडे गेलो. दर आठवड्याला ती माझ्या दुकानात सुके बोंबील आणि जवळा घेऊन येते. आज पहिल्यांदाच मी तिच्याकडे गेलो होतो. तिनं मला बघून कपाळावर, छातीवर क्रूस काढला.

“आरं पाटला! दुकान जलला का काय?”

“नाही मावशी, पाहुणी आहे. तुझे बोंबील बघायला आली.”

रस्त्याच्या कडेला बांबूंच्या मांडवांवर बोंबील जोडीजोडीनं, तोंडात तोंड अडकवून लटकवलेले होते. लाखो. बरं, हजारो. वाऱ्यावर ते हलायचे तेव्हा पावसासारखा आवाज व्हायचा. डोरोताबाईंनी खोल श्वास घेतला. शहरातली माणसं इथे नाक धरतात. बाईंचे डोळे भरले. त्यांची आजी समुद्रकाठची, थंडीच्या समुद्राकाठची, आणि तिच्या अंगणात अशीच मासळी धुरावर लटकायची, असं त्या म्हणाल्या. मग रोझीमावशीनं तांदळाची भाकरी, तळलेले ओले बोंबील आणि जवळ्याची चटणी वाढली. चटणीनं बाईंच्या कानांतून वाफ निघाली आणि वरून जाणारं एक विमान किंचित हललं. तरी त्यांनी ताट पुसून खाल्लं.

जेवण झाल्यावर रोझीमावशी आत भांडी घासायला गेली. मांडव तसेच, रस्त्यावर. रिक्षा जात होत्या, माणसं जात होती. बाईंनी दारातूनच विचारलं, “मासळीजवळ कुणी नाही. राखण कोण करतं?”

मी मावशीला विचारलं. ती बाहेर आली, बाईंच्या हातात एक लांब काठी दिली. “कावल्यांना हाकलाचा. कावले लय चोर.”

“आणि माणसं?” बाईंनी विचारलं.

“मान्सा?” मावशीला प्रश्नच कळला नाही. “मान्सा कशाला नेतील? त्यांना पायजे तर मागतील नं.”

ती आत गेली. डोरोताबाई काठी घेऊन मोठ्या इमानदारीनं कावळे हाकलायला लागल्या. मी बाजूच्या दगडावर बसलो. माझ्या वहिनीनं तेलाचा डबा उचलला होता तोही असाच, आपल्या माणसाच्या घरातून उचलावा तसा. आणि पोलंडमध्ये कुठल्याशा कागदावर ती कायमची चोर होणार होती. साठच्या साठ. आत्यासुद्धा, जिनं आयुष्यात दुसऱ्याच्या परसातलं एक कढीपत्त्याचं पान विचारल्याशिवाय तोडलेलं नाही.

“बाई,” मी म्हटलं, “कालच्या बायका चोर नाहीत.”

काठी थांबली.

“त्या माझ्या आत्या, माम्या, वहिन्या. मीच बोलावल्या, गिऱ्हाइकं दिसावीत म्हणून. त्यांना वाटलं सण आहे. आमच्याकडे या दिवसांत बायकांना घरी बोलावतात आणि प्रत्येकीला एक वस्तू भेट देतात. त्यांनी भेट घेतली. वहीतला तो शब्द खोडा. तिथे माझं नाव लिहा.”

डोरोताबाईंनी एका कावळ्याला हाकललं. मग म्हणाल्या, “पाटील, त्या साठपैकी निम्म्या बायकांना तुमचंच नाक आहे.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“दुसऱ्या एका देशात असंच झालं होतं. तिथल्या माणसानं चाचणीला नातेवाईक आणले. त्यांनी मात्र खरेदी केली, ट्रॉल्या भरभरून. मी ‘हो’ लिहिलं. दुकान उघडलं आणि वर्षभर रिकामं राहिलं. शेवटी बंद केलं, आणि लोकांना घरी पाठवायचं काम माझ्याकडे आलं.” त्या हसल्या. “तुमचे नातेवाईक या कामात फार कच्चे आहेत. मी फक्त बघत होते, की तुम्ही सांगता का.”

मग त्यांनी काठी खाली ठेवली आणि वही उघडली. “आता एकच प्रश्न. खरं उत्तर द्या. तुमची जागा आम्ही घ्यावी का?”

समोर समुद्र होता. त्याच्या पलीकडे दुबई, स्वित्झर्लंड, सगळं. एक ‘हो’ म्हटलं की झालं. मी तोंड उघडलं आणि जे बाहेर पडलं ते ऐकून माझं मलाच आश्चर्य वाटलं.

“नको. तुम्ही माल आणाल, गार हवा आणाल, दिवे आणाल. पण मेहता भाभी वरून ‘रोजवाला’ म्हणून ओरडतील तेव्हा तुमच्या फळीला ते कळणार नाही. लोक आमच्याकडे वस्तू घ्यायला येत नाहीत. आपल्याला काय लागतं हे दुसऱ्या कुणालातरी माहीत आहे, एवढं बघायला येतात. आणि ते तुम्हाला विकता यायचं नाही.”

त्यांनी सगळं लिहून घेतलं. मागून एका कावळ्यानं बोंबलांची एक जोडी उचलून नेली. रोझीमावशीनं आतून पाहिलं आणि आम्हा दोघांना जी शिवी घातली, तिचं भाषांतर मी केलं नाही.

पाचवा दिवस: काउंटरच्या आत

शेवटच्या दिवशी बाई म्हणाल्या, “मला एक तास काउंटरमागे उभं राहायचंय.” कुंदानं त्यांना जागा करून दिली. मी बाहेर, गिऱ्हाइकांच्या बाजूला.

मेहता भाभींची पिशवी खाली आली. वरून आवाज नाही, आत चिठ्ठी नाही. डोरोताबाई पिशवी धरून वर बघत राहिल्या. कुंदानं त्यांच्या हातातून ती घेतली, त्यात मूगडाळ, जिरं आणि सुंठ घातली, दोरी दोनदा हलवली. पिशवी वर गेली.

“त्यांनी तर काहीच मागितलं नाही!”

“आज त्यांचा उपवास सुटतो,” कुंदा म्हणाली. मी ते इंग्रजीत सांगितलं. डोरोताबाईंनी वही काढली, मग माझ्याकडे न बघता तिच्याशीच बोलायला लागल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तासभर बोलत होत्या.

घरी

डोरोताबाई गेल्या. काही आठवड्यांनी जावयानं फोन केला. कंपनीनं भारतात यायचं सध्या लांबणीवर टाकलं होतं. बाईंच्या अहवालातलं आमच्या दुकानाबद्दलचं पान त्यानं मला पाठवलं, मराठीत करून. मी दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, मोठ्यानं वाचायला घेतलं. सुटका गेली तर गेली, निदान कौतुक तरी होऊ दे.

“‘ही जागा घेऊ नये,’” मी वाचलं. “‘या दुकानात विकत घेण्यासारखी एकच मोलाची गोष्ट आहे आणि ती विक्रीला नाही. ती म्हणजे...’” मी गिऱ्हाइकांकडे बघितलं, छाती फुगवली आणि पुढचं वाचलं. “‘...सौ. पाटील.’”

मी चष्मा काढून पुसला.

“पुढे वाचा ना भाऊ,” एक काकू म्हणाल्या.

पुढे एकच वाक्य होतं. ‘श्री. पाटील प्रवासाला सोबत म्हणून उत्तम आहेत.’

मी म्हटलं, “बाईंचा गैरसमज झालाय. एकतीस वर्षं इथे कोण उभं आहे?”

“तुम्ही बोलता,” कुंदा म्हणाली. तिनं हातातली पुडी बांधून पुरी केली. “माल मी देते. ते पाच दिवस तुम्ही बाईंबरोबर होतात, तेव्हा कुणाला काही कमी पडलं?”

मला उत्तर सुचलं नाही. मला! काकू पिशवी उचलून हळूच निघून गेल्या. दुकानाच्या बेडीत मी एकटाच अडकलोय, असं मी एकतीस वर्षं समजत होतो आणि जगाला सांगत होतो. साडेतीन पावलं मोजली ती माझी. बाजूला आणखी कुणीतरी तेवढीच पावलं चालतंय, तेही दोन्ही हातांत माल घेऊन, हे मला एका परक्या बाईच्या वहीतून कळावं!

“तुला कुठे जायचंय का?” मी विचारलं. एकतीस वर्षांत हा प्रश्न मी तिला पहिल्यांदा विचारला.

तिला विचार करावा लागला नाही. “हंपी. दगडांचा तो रथ बघायचाय. आत्या येते म्हणाली, बरोबर सहा-सात जणी आहेत.”

म्हणजे बेत आधीच ठरला होता.

काल सकाळी कुंदा गेली. पाच दिवसांसाठी. हे सगळं मी काउंटरवर बसून लिहितोय. लिहायला वेळ भरपूर आहे. सकाळपासून तेरा गिऱ्हाइकं आली, आणि हा आकडा मी वाढवून सांगत नाही. मेहता भाभींची पिशवीही खाली आली, माझा चेहरा दिसल्यावर रिकामीच वर गेली. तेराही जणांनी काही न घेता एकच प्रश्न विचारला.

“भाऊ, वहिनी कधी येतायत?”